खवाशी ते डबलसीट : वेगवान दुचाकीवरील मागच्या आसनाचा इतिहास (यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

वाहनांचा इतिहास बहुधा लगाम हाती असणाऱ्याच्या दृष्टीने लिहिला गेला आहे. घोडा कोणाचा, त्याची जात कोणती, स्वार कोण, त्याने एका दिवसात किती मजल मारली, याची नोंद बखरींतून सापडते. यंत्रयुगात त्या जागी इंजिनाची शक्ती आणि ताशी वेग आले. परंतु त्याच वाहनावर मागे बसून गेलेल्या दुसऱ्या माणसाविषयी साधने जवळजवळ मूक आहेत. तो कशावर बसला, त्याने कशाला धरले, त्याचे पाय कोठे टेकले आणि उतरताना त्याची पाठ कोणत्या स्थितीत होती, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात खरे. तथापि ज्या जिल्ह्यात कुटुंबाचे मुख्य वाहन दुचाकी हेच आहे तेथे ते क्षुल्लक राहात नाहीत. शर्यतीच्या वळणाची, पुढे झुकून चालवावयाची मोटारसायकल गेल्या दीड-दोन दशकांत यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा यांसारख्या गावांच्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागली आहे. ही गाडी मुळात एकट्याच्या कल्पनेतून जन्मलेली. आपल्याकडे मात्र तिच्यावर दुसरे माणूस बसणे हा अपवाद नसून नियम आहे. या विसंगतीचा उगम आणि तिच्यावर निघालेले तोडगे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे ठरेल. मराठीतील स्वारीविषयक शब्दसंपत्ती पाहिली तर तिच्यावर फारसीची दाट छाया दिसते. स्वार, लगाम, जीन, तंग, रिकीब, चाबूक हे सर्व शब्द फारसीतून अथवा फारसीच्या द्वारे अरबीतून आलेले आहेत. खोगीर हा शब्दही तिकडचाच. त्याचा मूळ अर्थ घाम टिपून घेणारे, म्हणजे जिनाखाली घोड्याच्या पाठीवर घालावयाचे जाड वस्त्र, असा आहे. पुढे मराठीत तो भरीव गादीच्या जिनालाच लागला आणि 'खोगीरभरती' या शब्दाने तर त्याला वाङ्मयातही कायमचे स्थान मिळवून दिले. या साऱ्या शब्दभांडारात घोड्यावर मागे बसणाऱ्याला नाव नाही. कारण उघड आहे. लष्करी घोडा हा एका स्वाराचा. त्यावर दुसरे कोणी बसले तर ते जखमी तरी असावयाचे, किंवा पळवून नेलेले तरी.

मागच्या आसनाला स्वतंत्र नाव मिळाले ते हत्तीवर. अंबारीच्या पाठीमागे जी जागा असे तिला 'खवाशी' किंवा 'खवासखाना' म्हणत. खवास म्हणजे जवळचा सेवक. त्याने मागे बसून धन्यावर चवरी ढाळावी, पानाचा विडा पुढे करावा. मात्र मिरवणुकीच्या प्रसंगी खवाशीत बसण्याचा मान मोठ्या सरदारांनाही दिला जाई, आणि तो मानच समजला जाई. स्थान दुय्यम पण प्रतिष्ठा मोठी, असा हा प्रकार होता. आधुनिक दुचाकीच्या मागच्या आसनात यातील दुय्यमपणा तेवढा उतरला, प्रतिष्ठा उतरली नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

युरोपात याच्या उलट घडले. तेथे मागच्या आसनाचा शब्द घोड्यावरच तयार झाला. इंग्रजीतील 'पिलियन' हा शब्द स्कॉटलंडमधील गेलिक भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी कातडे या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. पुरुषाच्या जिनामागे स्त्रीला बसण्यासाठी बांधलेली लहान गादी, हा त्याचा सोळाव्या शतकातील अर्थ. मोटारसायकल आली तेव्हा हा शब्द तिच्या मागच्या आसनाला आयता चिकटला. म्हणजे इंग्रजी भाषकाला मागे बसणारी व्यक्ती दाखविण्यासाठी तयार शब्द होता; मराठी भाषकाला तो घडवावा लागला. तो कसा घडला हे पाहण्यापूर्वी वऱ्हाडातील बैलगाडीकडे वळणे आवश्यक आहे.

विदर्भात बैलगाडीला 'बंडी' म्हणतात. हा शब्द तेलुगूत त्याच अर्थाने रूढ आहे, आणि आदिलाबादच्या बाजूने तेलुगू भाषकांशी सरहद्द असणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात त्याचे असणे स्वाभाविकच आहे. बंडी ही मालाची, शेणखताची, कापसाच्या बोंद्रांची. माणसांसाठी तिच्याहून हलकी खासर, रेंगी किंवा छत घातलेली दमणी असे. लग्नकार्याला, यात्रेला, माहेरवाशिणीला आणावयाला दमणी जुंपली जाई. तिच्यात गवताचा किंवा कडब्याचा थर, त्यावर गोधडी, अशी बैठक केली जाई. दुसऱ्या टोकाला शंकरपट. विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट विशेष प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यतींवर बंदी घातली, महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली, हा अलीकडचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. येथे महत्त्वाची गोष्ट एवढीच, की पटाच्या गाडीवर धुरकऱ्याखेरीज कोणाला जागा नसते. ती शक्य तितकी हलकी, उघडी आणि एका माणसाची.

अशा रीतीने वऱ्हाडच्या वाहनपरंपरेने वेग आणि सुख यांची दोन वेगळ्या गाड्यांत वाटणी केली होती. ज्याला पट जिंकावयाचा त्याने दमणी आणली नाही, आणि ज्याला सुनेला आणावयाचे त्याने पटाची गाडी नेली नाही. शर्यतीच्या घाटाच्या मोटारसायकलीने ही वाटणी मोडली. एकाच वाहनाने तरुणाचा पटही व्हावे आणि घरच्यांची दमणीही व्हावे, अशी अपेक्षा निर्माण झाली. पुढील सर्व अडचणींचे मूळ येथे आहे.

गाडीवानाच्या बोलीत आणखी दोन शब्द आहेत, ज्यांची या विषयात फार गरज पडते. गाडीत मागच्या बाजूला भार जास्त झाला की ती 'उलार' होते, म्हणजे जू वर उचलले जाऊन बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. पुढे भार अधिक झाला की ती 'धुरजड' होते आणि बैलांच्या मानेवर ओझे पडते. चांगला गाडीवान भार आसाच्या थोडा पुढे येईल असे बेतून माणसांना सरकावयास सांगतो. मोटारसायकलीच्या अभियंत्याने मागच्या आसनासंबंधी जे काही लिहिले आहे त्यातील बराच भाग या दोन शब्दांत सांगता येतो. मागे माणूस बसले की गाडी उलार होते : मागची स्प्रिंग दबते, पुढचे चाक हलके होते, हँडल नेहमीप्रमाणे बोलत नाही, दिव्याचा झोत रस्ता सोडून झाडावर जातो. ब्रेक लागला की तीच गाडी क्षणात धुरजड होते, आणि मागच्याचे सारे वजन पुढच्याच्या पाठीवर व पर्यायाने त्याच्या मनगटांवर येऊन आदळते.

मराठीत मागच्या आसनाचा शब्द घडला तो सायकलीवर. 'डबलसीट' हा शब्द वरवर इंग्रजी दिसतो, परंतु मराठीत ज्या रीतीने तो चालतो त्या रीतीने तो इंग्रजीत चालत नाही. 'आम्ही डबलसीट गेलो', 'त्याला डबलसीट घे', 'डबलसीट बसू नका' या वाक्यांत तो आसनाचे नाव नसून जाण्याच्या रीतीचे क्रियाविशेषण आहे. म्हणजे दोन इंग्रजी नामांपासून मराठीने स्वतःच्या टाकसाळीत नवे अव्यय पाडले. त्यानंतर त्याच साच्यात 'ट्रिपलसीट' तयार झाला. गंमत अशी, की ज्या सायकलीवर हा शब्द जन्मला तिच्यावर दुसरे सीट नव्हतेच. होती ती मागची कॅरिअर किंवा पुढची दांडी. शहरांतून सायकलीवर डबलसीट जाणे हा गुन्हा होता आणि दिव्याविना जाणे हा दुसरा. जुन्या पिढीच्या आठवणींत पोलिसाला पाहून मागच्याने टुणकन उडी मारल्याचे प्रसंग हमखास येतात. त्यामुळे 'डबलसीट' या शब्दाला पहिल्यापासून किंचित चोरटेपणाचा आणि किंचित सलगीचा वास राहिला. २०१५ साली याच नावाचा मराठी चित्रपट आला तेव्हा या शब्दाने दांपत्यजीवनाचा अर्थही वाहून नेला. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की डबलसीट हा शब्द दोघांना मिळून लागतो. मागे बसलेल्या एका व्यक्तीला तो नाव देत नाही. वऱ्हाडीत 'मांगं बस' म्हटले जाते, तेथेही केवळ स्थान सांगितले जाते, बसणाऱ्याला संज्ञा मिळत नाही.

यंत्राच्या दुचाकीवर मात्र कायद्याने मागच्या आसनाची दखल लवकर घेतली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातच दुचाकीवर चालकाखेरीज एकाहून अधिक व्यक्ती नेता येणार नाही, आणि जी न्यावयाची ती चालकामागे पक्क्या बसविलेल्या योग्य आसनावरच न्यावी, अशी तरतूद होती. १९८८ च्या कायद्याच्या १२८ व्या कलमात ती कायम राहिली. त्याहून बोलका आहे तो १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम. मागे बसण्याची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलीला हाताने धरण्यासाठी कायमची मूठ, पाय टेकण्याची सोय आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन असले पाहिजे, असे हा नियम सांगतो. आणि त्याचे कारणही देतो, ते म्हणजे मागे बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत. बाजारात या साधनाला 'साडीगार्ड' म्हणतात. नियमात साडी हा शब्द नाही, परंतु तो लिहिताना साडी डोळ्यांसमोर होती याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. कोणा स्त्रीचा पदर चाकात गेला म्हणजे काय होते, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला या नियमाची थोरवी निराळी सांगावी लागत नाही.

साडीचा विषय निघालाच आहे तर एका समजुतीचा विचार येथेच करून टाकावा. स्त्रियांनी दुचाकीवर दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसणे ही आपली जुनी रीत, असे सहज मानले जाते. ती फार जुनी असण्याचा संभव नाही. कासोटा घातलेल्या नऊवारी लुगड्यात दोन्ही बाजूंना पाय टाकून बसण्यास वस्त्राची आडकाठी नाही. मराठी स्त्रिया घोड्यावर बसत त्या तशाच. एका बाजूला बसणे अपरिहार्य झाले ते गोल साडी रूढ झाल्यावर, आणि दुचाकीचा प्रसारही साधारण त्याच पिढ्यांत झाला. दोन स्वतंत्र गोष्टी एका काळी आल्या आणि त्यांची गाठ पडून 'रीत' तयार झाली. पंजाबी पोशाखाने ती गाठ पुन्हा सैल केली आहे; पण यवतमाळच्या ग्रामीण भागात पन्नाशीपुढील स्त्री आजही एका अंगानेच बसते. शर्यतीच्या घाटाच्या गाडीचा विचार करताना ही स्त्री विसरून चालत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील गाड्यांचा क्रम थोडक्यात सांगता येईल. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडियाची स्थापना होऊन बुलेट येथे जुळविली जाऊ लागली; १९६०-६२ च्या सुमारास म्हैसूरची जावा आणि पोलंडच्या आराखड्यावरून बनविलेली १७५ सी.सी.ची राजदूत आली. खेडोपाडी राजदूतच अधिक पोहोचली. दुधाच्या कॅन, खताची पोती आणि माणसे हे सर्व तिने सारख्याच तटस्थतेने वाहिले. कुटुंबाचे वाहन म्हणून मान मिळाला तो स्कूटरला. यवतमाळला लागून असलेल्या वर्ध्याशी ज्यांचे नाते, त्या बजाज घराण्याच्या उद्योगाने इटलीतील पियाजिओच्या परवान्याने आकुर्डीत स्कूटर बनविली. १९७२ साली चेतक आली. स्कूटरचे इंजिन व चाक पत्र्याच्या अंगाखाली झाकलेले असल्यामुळे साडी सुरक्षित राही, सपाट तळावर पुढे मूल उभे राही, आणि मागे बसणारीला पाय ठेवावयास स्थिर जागा मिळे. वेग कमी होता. तो कोणी मागितलाही नव्हता. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याच्या त्या काळात मिळाली हेच सुख होते. १९८० साली होसूरहून टी.व्ही.एस. ५० ही दोघांना बसता येईल अशी मोपेड निघाली, आणि १९८५ मध्ये हिरो होंडा सी.डी. १०० ने कमी पेट्रोलचा मंत्र खेड्यापर्यंत नेला.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात या क्रमाला विशेष अर्थ आहे. सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटरचा हा विस्तार सोळा तालुक्यांत पसरला आहे. जिल्ह्याच्या मुख्य गावाला रेल्वे पोहोचली ती मूर्तिजापूरहून येणारी 'शकुंतला', अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले. नंतर ती गाडीही बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. मधल्या काळात एस.टी. आणि दुचाकी यांनीच जिल्हा चालविला; आणि ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप झाला तेव्हा तर दुचाकीवरच भार आला. घाटंजीहून किंवा झरी-जामणीहून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणलेला रुग्ण अनेकदा दुचाकीच्या मागच्या आसनावरून आलेला असतो. येथे 'सुखकर' या शब्दाचा अर्थ चैन असा घेता येणार नाही. सलाइन नुकतीच काढलेला, किंवा सातवा महिना लागलेली, असे माणूस त्या आसनावर तासदोन तास टिकते की नाही, असा त्याचा अर्थ आहे.

आता वेगवान गाडीकडे वळू. भारतात खऱ्या अर्थाने वेगाची म्हणता येईल अशी पहिली मोठी गाडी म्हणजे १९८३ ची राजदूत ३५०, जपानच्या यामाहा आर.डी. ३५० ची भारतीय आवृत्ती. ती फार खपली नाही. तिच्यामागून १९८५ ची यामाहा आर.एक्स. १०० आणि २००१ अखेरची बजाज पल्सर यांनी वेगाची आवड सर्वत्र नेली. या तिन्ही गाड्यांचे एक साम्य असे, की त्यांचे आसन लांब आणि अखंड होते. पल्सरमध्ये मागचा भाग थोडा उंच, इतकाच फरक. अखंड आसनाचा गुण हा, की त्यावर दोघांतील सीमा निश्चित नसते. मूल मध्ये बसते, पिशवी मध्ये राहते, चालक थोडा पुढे सरकून वडिलांना जागा देतो. या सरकण्याला गाडीवानाच्या भाषेत भार बेतणे म्हणतात हे वर आलेच आहे.

शर्यतीच्या घाटाची गाडी निराळ्या वंशाची. १९८५ साली सुझुकीने जी.एस.एक्स.-आर. ७५० ही गाडी बाजारात आणली तेव्हापासून स्पर्धेच्या मैदानावरील यंत्राची जवळजवळ हुबेहूब प्रत रस्त्यावर विकण्याची प्रथा दृढ झाली. मैदानावर वाऱ्याला भेदण्यासाठी चालक टाकीवर आडवा होतो. त्यासाठी हँडल खाली, पायटेकणे मागे व उंच, आणि शेपटी निमुळती व वर चढलेली. मैदानावर दुसरा माणूस नसतोच. प्रतीमध्ये तो बसवावयाचा म्हणून शेपटीवर गादीचा एक तुकडा ठेवला गेला. दोन आसनांचे हे विभाजन भारतात २००७ च्या पल्सर २२० पासून परिचित झाले.

एक अपवाद नमूद करण्याजोगा आहे. बाजूगाडीच्या, म्हणजे साइडकारच्या, जागतिक स्पर्धा १९४९ पासून होत आल्या आहेत, आणि त्यांत दुसऱ्या माणसाशिवाय शर्यतच होऊ शकत नाही. वळणावर तो गाडीबाहेर झोकून देतो, सरळ रस्त्यावर चालकामागे दडतो. गाडी तोलण्याचे अर्धे काम त्याचे, आणि विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव चालकाच्या बरोबरीने लागते. मागचा माणूस हे ओझे नसून गाडीचे दुसरे इंद्रिय होय, ही जाणीव वेगाच्या जगातही अशक्य नाही, हे यावरून दिसते.

भारतातील या आसनाच्या इतिहासात सर्वांत उद्बोधक प्रकरण यामाहा वाय.झेड.एफ.-आर. १५ चे आहे. २००८ साली ही दीडशे सी.सी.ची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची गाडी आली तेव्हा तिला एकसंध आसन होते. २०११ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात मोठ्या शर्यतगाडीचे रूप अधिक यावे म्हणून आसन दुभंगले, मागचा तुकडा उंच आणि आखूड झाला. तरुणांना ती फार आवडली. परंतु २०१५ च्या अखेरीस याच कंपनीने आर. १५ एस. या नावाने पुन्हा अखंड आसनाची गाडी विक्रीला काढली, आणि ती दुभंग आसनाच्या गाडीबरोबरच विकली. २०१८ ची तिसरी आवृत्ती पुन्हा दुभंग. २०२१ च्या नोव्हेंबरात तिचीही अखंड आसनाची 'एस' आवृत्ती आली. तेरा वर्षांत आसन चार वेळा बदलले. इंजिनाच्या बाबतीत असे मागेपुढे होत नाही. तेथे नवे ते अधिक शक्तिमान, एवढाच नियम. आसनाच्या बाबतीत मात्र गाडी पाहणारा आणि गाडीवर मागे बसणारा यांच्यात रस्सीखेच चालली होती, आणि कारखान्याने शेवटी दोघांसाठी दोन गाड्या केल्या. दमणी आणि पटगाडी ही जुनी वाटणी, अशा प्रकारे, एकाच यंत्राच्या दोन आसनांच्या रूपाने परत आली.

२०१४ साली भारतात आलेल्या के.टी.एम. आर.सी. २०० व ३९० या गाड्यांनी दुसरा मार्ग घेतला. चाकणच्या बजाज कारखान्यात बनणाऱ्या या गाड्यांचे मागचे आसन पाहणाऱ्याला आसन वाटूच नये, एकेरी शर्यतगाडीची बंद शेपटी वाटावी, अशा रीतीने ते घडविलेले होते. आसन असून ते लपविणे, हा रूपकल्पनेचा विजय असेल. परंतु ज्याला तेथे बसावयाचे त्याला आपण या गाडीवर मुळात अपेक्षित नाही हे बसण्यापूर्वीच कळते.

अशा गाडीवर मागच्या माणसाला नेमका त्रास कोठे होतो हे पाहिले म्हणजे उपायही आपोआप दिसतात. त्याची बैठक चालकापेक्षा उंच असल्यामुळे वारा थेट छातीवर येतो आणि पुढचे माणूस आड येत नाही. पायटेकणे उंच असल्यामुळे गुडघे मुडपून राहतात. अर्ध्या तासाने पोटऱ्यांत गोळे येतात. गादी अरुंद व कठीण असते. धरावयाची मूठ कित्येकदा आसनाच्या खाली खाचेत असते, तेथे हात पोहोचला तरी बोटांना जोर मिळत नाही. चालक पुढे झुकलेला असल्याने त्याची कंबर दूर जाते, आणि ब्रेक लागताच मागचे माणूस उतारावरून घसरल्याप्रमाणे त्याच्यावर येते. एका बाजूला बसणारीची स्थिती तर याहून बिकट. तिला दोन्ही पाय टेकण्यास जागा नाही, आणि तिचा सगळा भार मध्यरेषेच्या एका अंगाला राहतो, त्यामुळे चालकाला सरळ रस्त्यावरही हँडल किंचित दाबून धरावे लागते.

यावर जाणकारांची रीत साधी आहे. निघण्यापूर्वी मागच्या स्प्रिंगचा ताण एकदोन घरे वाढवावयाचा. त्याने गाडीचे उलारपण कमी होते व दिवा रस्त्यावर येतो. मागच्या टायरात हवा एकट्यासाठी सांगितलेल्यापेक्षा जास्त भरावयाची. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत या दोन आकडे वेगळे छापलेले असतात, आणि ते वाचणारे थोडे असतात. चढताना चालकाने दोन्ही पाय जमिनीवर रोवून पुढचा ब्रेक धरावयाचा, मागच्याने सांगूनच चढावयाचे. मागच्याने एक हात टाकीवर टेकविला तर ब्रेकच्या वेळी त्याचा भार चालकाच्या पाठीऐवजी गाडीवर जातो. दुसरा हात मुठीवर किंवा चालकाच्या कमरेला. वळणावर चालक ज्या बाजूला कलतो त्याच बाजूच्या खांद्यावरून मागच्याने पाहावे, म्हणजे त्याचे अंग आपोआप तितकेच कलते. भीतीने उलट बाजूला झुकणे हे सर्वांत घातक. गियर बदलताना क्लच हळू सोडला, ब्रेक आधीपासून आणि थोडाथोडा लावला, तर दोघांची शिरस्त्राणे एकमेकांवर आपटत नाहीत. ही ठकठक मागच्याच्या सुखाचे अचूक माप आहे. ज्या प्रवासात ती ऐकू आली नाही तो प्रवास चांगला चालविला असे निःशंक समजावे. आणि दर तासाला थांबावे. बैलांना पाणी दाखविण्यासाठी दमणी थांबे तेव्हा आतल्या माणसांचेही पाय मोकळे होत. पेट्रोलच्या गाडीला पाणी लागत नाही म्हणून माणसांचे पाय मोकळे करण्याचे निमित्तच उरले नाही.

गाडी कोणाच्या पैशाने येते हाही प्रश्न येथे टाळता येणार नाही. हुंडा घेण्यास १९६१ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही हुंड्यातील फटफटी हा ग्रामीण महाराष्ट्राच्या विवाहव्यवहारातील परिचित प्रकार आहे, आणि पुढे पुढे मुलाकडून गाडीचे नावही सांगितले जाऊ लागले. तेव्हा असे घडते, की कापूस विकून मुलीचा बाप ज्या गाडीचे पैसे भरतो तिच्या मागच्या, लपविलेल्या, वीतभर गादीवर त्याच्या मुलीने वर्षानुवर्षे बसावयाचे असते. गाडी पसंत करताना तिला बसवून पाहिले जात नाही. बैल घेताना दात पाहणारा आणि दमणीत स्वतः बसून तिचा आस तपासणारा शेतकरी या एका खरेदीत इतका बेफिकीर का होतो, याचे उत्तर यंत्रशास्त्रात सापडणार नाही.

सुखाचा प्रश्न सुरक्षिततेपासून वेगळा काढता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. शिरस्त्राण न घातल्याच्या नोंदीचे मृत्यू ५०,०२९. त्यांत चालक ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. चवथ्या वर्षापुढील प्रत्येकाला, मग तो पुढे असो वा मागे, शिरस्त्राण सक्तीचे करणारी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी चालकाशी जोडलेला सुरक्षापट्टा, शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगणारा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित होऊन वर्षभराने अंमलात आला. यवतमाळच्या रस्त्यावर असा पट्टा बांधलेले मूल दिसणे आजही दुर्मीळ आहे. घरात शिरस्त्राण असलेच तर ते एक असते, आणि ते पुढच्याच्या डोक्यावर असते.

भाषेच्या अंगाने पाहता याच वस्तुस्थितीचे प्रतिबिंब रोजच्या वृत्तपत्रात सापडते. अपघाताच्या बातमीत चालविणारा 'दुचाकीस्वार' असतो. फारसीतून आलेला तो जुना मानाचा शब्द एकट्या त्याला मिळतो. दुसरी व्यक्ती 'मागे बसलेली पत्नी', 'पाठीमागे बसलेली आई', क्वचित 'सहप्रवासी' असते. एकाच गाडीवर एकाच वेगाने जाणाऱ्या दोघांपैकी एकच स्वार ठरतो, आणि दुसऱ्याचा उल्लेख नात्याने किंवा जागेने करावा लागतो. शासकीय परिभाषेतील 'मागील आसनावरील व्यक्ती' हा शब्दसमूह कागदावर राहिला, जिभेवर आला नाही. 'खवाशी' कोशात पडून आहे.